तिच्या पेटीतले नर

४ मार्च
तो आवाज! साठ वर्षं झाली असतील. वर्गाच्या खिडकीखाली आमच्या गुरुजींची मधपेटी होती. आम्ही कविता म्हणायचो आणि खालून नर माश्यांचा घोगरा सूर लागायचा — मागच्या बाकावरच्या थोराड मुलांसारखा, जाड आणि बेसूर. आज तोच सूर हिच्या पेटीतून आला. ही जाऊन सहा वर्षं झाली, पेटी आहे. यंदाच्या नरांची पहिली फळी उडाली!

७ मार्च
शेजारचा शिंपी कुंपणावरून म्हणाला, "मास्तर, हे ऐतखाऊ कशाला पोसता? ना मध आणत, ना डंख मारत. मी माझ्या तिन्ही पेट्यांतले घरांसकट कापून टाकले." काय सांगू याला! नराला बाप नसतो, नुसती आई. हिच्या पेटीतली राणी म्हातारी झाली. तिचे नर दुसऱ्या एखाद्या तरुण राणीला भेटले, तरच तिचं काही मागे राहील. म्हणून तर नरांसाठी मोठ्या घरांची वेगळी चौकट दिली. सगळं सांगितलं. हसला. गळ्यात टेप, खिशात कात्री.
(कवितेत सगळीकडे भुंगा. नर माशीवर कुणी दोन ओळी खरडल्या नाहीत.)

१२ मार्च
चौकट अर्धी रिकामी! घुमटासारखी झाकलेली नरांची घरं कुणीतरी कापून नेली. तीही सरळ रेषेत. उंदीर असा कापत नाही. हा हात कापड बेतणाऱ्याचा.

१३ मार्च
सुनेला विचारलं, परसात कुणी आलं होतं? "नाही हो बाबा. चहा गार होतोय." आणि चटकन आत. नजर का चुकवली?

१४ मार्च
दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकांसमोर सुनावलं — ज्याची कात्री लोकांच्या पेटीत चालते, त्याच्याकडे माझा सदरा नको! तो एवढंच म्हणाला, "बाह्या कापून झाल्यात, मास्तर." कापड आणि दोन सुट्या बाह्या घेऊन घरी आलो.

२१ मार्च
बोलणं बंद. तो कुंपणापाशी आला की मी आत.

२९ मार्च
मटार काढायला बर्फाच्या कप्प्यात हात घातला. वर्तमानपत्राची पुडी. आत — माझ्या नरांचं पोळं! मागे सून उभी.
"ओरडू नका. आधी एक घर उघडून बघा."
सुईनं उघडलं. पांढरं पिल्लू, त्याच्या पोटाला चिकटलेले दोन लालसर किडे. दुसऱ्यात तीन.
"नरांच्या घरातच वाढतात मेले. सगळी पेटी पोखरली असती. शिंपीकाकांनी दाखवलं मला. म्हणाले, मास्तरांना विचारू नकोस. ते कविता म्हणत बसतील आणि पेटी जाईल." मग हळूच, "अर्धीच कापली, बाबा. बाकीचे उडाले ना तुमचे."
म्हणजे डोकं त्याचं, हात सुनेचा! चोरून का पण? — मी हात लावू दिला नसता म्हणून. खरं आहे.

२ एप्रिल
दुकानावरून दोनदा गेलो. पायरी चढवेना.

८ एप्रिल
राणी गेली. शेवटचे पंधरा दिवस म्हातारीला नुसते नरच होत होते, त्यामुळे नवी राणी घडवायला मादीचं एक अंडंही मागे नाही. महिन्याभरात पेटी रिकामी होईल. हिची पेटी. सून माझ्याशेजारी बसून राहिली.

११ एप्रिल
दाराची कडी वाजली. शिंपी! हातात काड्यापेटीएवढी जाळीची डबी, आत एक तरुण राणी. "गेल्या महिन्यात उडून नरांना भेटून आली, आता भरभरून अंडी घालते. माझे नर तर मी कापलेले. मग ही कुणाला भेटली असेल, मास्तर?" डबी माझ्या तळहातावर ठेवली. "वहिनींच्या पेटीत सोडा. आणि त्या बाह्या आणा इकडे."