गच्चीवरच्या खांबाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, रुग्णालयातील यंत्रांची तपासणी व दुरुस्ती करणारी तंत्रज्ञ, अविवाहित, आईवडील हयात नाहीत, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न दोन व्यक्तींनी केला. त्यांचा उल्लेख ज्या त्या कलमात येईल.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे शल्यविशारद म्हणाले. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्या यंत्रावर मला ठेवणार आहेत ते मीच तपासून दिले आहे आणि ते ठीक आहे. मी घाबरलेली नाही, तयारी करते आहे. या दोहोंतला फरक आमच्या हौशी रेडिओ मंडळात कोणाला समजत नाही, म्हणून सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे रद्द करून दुसरे करण्याची वेळ यावी, अशी अपेक्षा आहे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. त्या कमी बोलतात आणि विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतात, म्हणून त्यांची निवड केली आहे.

२. बँकेतल्या शिल्लकेतून आधी रुग्णालयाचे बिल भागवावे. उरेल ते कलम ८ मधील बॅटऱ्यांच्या देखभालीसाठी ठेवावे. उरले नाही, तर कोणी वर्गणी काढू नये. मंडळाने एकदा वर्गणी काढली होती. तिच्यातून सभासदांसाठी चमकत्या पट्ट्यांची जाकिटे आली.

३. माझी हत्यारांची पेटी, सोल्डरिंग आयर्न आणि दोन्ही मीटर वहिनींना द्यावेत. या घरात घेतलेली वस्तू जागेवर ठेवणाऱ्या त्या एकट्याच आहेत. माझा मोठा भाऊ (यापुढे ‘दादा’) याने माझा पेचकस रंगाचा डबा उघडायला नेला, तो डब्यासकट नाहीसा झाला. ते मी माफ केलेले नाही. वर्षभरात वहिनी माझ्याजवळ बसून तार जोडायला शिकल्या. दादाला हे माहीत नाही. आता होईल.

४. मिळकतीचे वर्णन. हे घर बाबांचे. खालचा मजला त्यांनी दादाला दिला. वरची खोली आणि गच्ची मला. बाबा टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करत. गच्चीच्या नदीकडच्या कोपऱ्यात लोखंडी खांब आहे, तो त्यांनी आणि मी मिळून उभा केला. खांबावर अँटेना आहे आणि खोलीत रिपीटर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हातातल्या लहान रेडिओचा आवाज टेकडी ओलांडू शकत नाही. रिपीटर तो आवाज पकडतो आणि जोर लावून पुढे फेकतो. एका वेळी एकाचाच. दोघे बोलले तर जो जवळचा आणि जोरकस असेल तो ऐकू येतो. दुसरा असून नसल्यासारखा.

टेलिफोन बंद पडले की नदीपलीकडच्या दवाखान्याचा अलीकडच्या रुग्णालयाशी संबंध फक्त या खांबामार्फत राहतो. दुसरी सोय नाही. हे वाक्य मी मंडळाला, नगरपालिकेला आणि दादाला प्रत्येकी अनेकदा सांगितले आहे. मंडळाने ठराव केला, नगरपालिकेने पोच दिली, आणि दादा म्हणाला, “मग तो दांडा तू नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर का नाही बसवत? माझी गच्ची कशाला?” गच्ची त्याची नाही, हे मी त्याला बाबांच्या कागदावर बोट ठेवून दाखवले. गच्चीवर दोन खोल्या काढून भाड्याने द्याव्यात, हे त्याच्या डोक्यात घर बांधल्यापासून आहे. मी रुग्णालयातून तपासण्यांचे कागद घेऊन आले, त्याच आठवड्यात तो गवंड्याला गच्ची दाखवायला घेऊन आला. “नुसता अंदाज काढतोय,” म्हणाला. दडपण आणणारी पहिली व्यक्ती ही.

५. मंडळाविषयी. ही दुसरी व्यक्ती, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. ते दातांचे डॉक्टर आहेत, आणि समोरच्याला बोलता येत नसताना आपण बोलत राहण्याची सवय त्यांनी व्यवसायातून आणली आहे. शस्त्रक्रियेचे कळताच ते भेटायला आले, तब्येत विचारली आणि चहा संपायच्या आत म्हणाले की गच्ची मंडळाच्या नावे केली तर माझ्या नावाची पाटी लावता येईल. मी पाटीचा आकार विचारला. त्यांनी हातांनी दाखवला.

मंडळ आपत्काळासाठी कशी तयारी करते ते लिहिते, म्हणजे गच्ची त्यांना का दिली नाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. सरावाची तारीख महिनाभर आधी कळवली जाते. आदल्या दिवशी सगळे बॅटऱ्या भरून ठेवतात. वीज चालू असते. मांडवाखाली टेबल असते, टेबलावर संच असतो आणि संचापुढे उभे राहून फोटो काढतात. आपत्कालीन पेटीला कुलूप आहे. किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव सुट्टी लागली की मुलीकडे जातात. एकदा मी ती पेटी उघडायला लावली. आत मंडळाचा कापडी फलक, प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि एक शिट्टी होती.

दर आठवड्याला रिपीटरवर हजेरी होते. ती ज्येष्ठतेच्या क्रमाने. प्रत्येकाने आपले नाव सांगायचे, अध्यक्षांचे आभार मानायचे, आपला आवाज कसा येतो ते विचारायचे आणि आधीच्याचा कसा आला ते सांगायचे. “फारच सुंदर, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा.” दोघे खरोखरच शेजारी राहतात.

६. पुराचा दिवस. मागच्या पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला, वीज गेली, आणि दुपारपर्यंत फोनही गेले. ज्या दिवसासाठी मंडळ आहे, तो हाच दिवस. सगळे सभासद तत्परतेने रेडिओवर आले, आणि अध्यक्षांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

मी वर खोलीत होते. विजेच्या जागी दादाच्या टेम्पोची बॅटरी जोडली होती. न्यायाने लिहायचे तर ती दादाने स्वतः काढून जिन्याने वर आणून दिली, वाटेत प्रत्येक पायरीवर मला बोलत. एकेक सभासद येत होता, हजर असल्याचे सांगत होता, आभार मानत होता, आणि त्यांच्या मधल्या फटींतून एक बारीक आवाज येत होता. तो पलीकडच्या दवाखान्यातल्या परिचारिकेचा (यापुढे ‘सिस्टर’) होता. त्यांना मीच रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसवले होते. मंडळाने त्यांना सभासद करून घेतले नाही, कारण अर्जावर दोन ज्येष्ठांची शिफारस लागते आणि ज्येष्ठांनी त्यांना पाहिले नव्हते. त्यांच्यापुढे एक बाळंतीण होती आणि रक्त थांबत नव्हते. त्यांना होडी, डॉक्टर आणि रक्त हवे होते. यातले अर्धेमुर्धेच ऐकू येत होते, कारण त्या बटण दाबायच्या तेव्हा अलीकडचा कोणीतरी ‘अगदी शेजारी बसल्यासारखा’ येत असायचा.

अध्यक्षांनाही तो आवाज ऐकू आला. ते म्हणाले, “ताई, आपण सभासद नाही आहात. हजेरी पूर्ण झाली की आपल्याला वेळ देऊ.”

हे त्यांनी दुष्टपणाने म्हटले नाही. ते मला जास्त कठीण वाटते. दुष्ट माणसाला बाजूला करता येते. अध्यक्ष मनापासून मदत करत होते, आणि इतक्या जणांची मनापासूनची मदत एका बाईच्या आवाजावर बसली होती.

रिपीटरचा माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, “सगळ्यांनी बटणावरचं बोट काढा. सिस्टर, तुम्ही बोला.” मग सिस्टर बोलल्या, मी रुग्णालयाला कळवले, होडी गेली. आई आणि मूल दोघेही वाचले. त्या होडीला आणखी थोडा उशीर झाला असता तर हे कलम वेगळे लिहावे लागले असते, असे नंतर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितले. मंडळाच्या अहवालात या घटनेला ‘मंडळाचे उल्लेखनीय यश’ म्हटले आहे. त्याच अहवालासोबत मला ताकीद देणारे पत्र आले, ‘सभासदास न शोभणाऱ्या भाषेबद्दल’. माझ्या वाक्यातला न शोभणारा शब्द कोणता, असे मी लेखी विचारले. उत्तर अद्याप आलेले नाही.

७. अध्यक्षांना माझा जुना रिसीव्हर संच द्यावा. तो उत्तम स्थितीत आहे. त्यावर फक्त ऐकता येते. बोलायची सोय नाही. ही निवड विचारपूर्वक केली आहे.

८. गच्ची, खोली, खांब. खांब, अँटेना, रिपीटर आणि बॅटऱ्या नदीपलीकडच्या दवाखान्याला द्याव्यात. तांत्रिक जबाबदारी सिस्टरांची. पूर आला की त्या पलीकडे अडकणार, म्हणून अलीकडची रोजची देखभाल वहिनींनी करावी. त्यांना मी विचारले आहे. त्या म्हणाल्या, “बॅटरीत पाणी घालायचंच ना? तुमच्या भावाला रोज दोन वेळा वाढते, त्यापेक्षा सोपं असेल.”

गच्ची आणि खोली दादाला द्यावी, या अटीवर की खांबाचा कोपरा, जिन्याची वाट आणि खोलीतली रिपीटरची भिंत त्याने कायम मोकळी ठेवावी. अट मोडल्यास गच्ची आणि खोली मंडळाच्या मालकीची होईल. मंडळाने गच्चीचा उपयोग नीट करावा, अशी माझी अपेक्षा नाही. ते तिथे सभा घेतील. दादाची झोपायची खोली बरोबर खाली आहे, आणि अध्यक्षांचे भाषण दादाने माझ्यासोबत एकदा ऐकले आहे. एवढे पुरेसे आहे.

९. माझ्यामागे मंडळाने रिपीटरवर शोकसभा घेऊ नये. दोन मिनिटे शांतता पाळायला हरकत नाही. त्या वारंवारतेवर ती आजवर कोणाला जमलेली नाही.

पुरवणी, सह्यांच्या आधी लिहिलेली.

वरील मजकूर पूर्ण करून मी वकीलबाईंना बोलावले. साक्षीदार म्हणून अध्यक्ष आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक आले. दादा आणि वहिनी दारात उभे राहिले. वकीलबाईंनी सगळे वाचून दाखवले. कलम ५ आणि ६ वाचत असताना अध्यक्ष खिडकीबाहेर पाहत होते. मग वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला किंवा त्याच्या नवराबायकोला या कागदान्वये काहीही मिळू शकत नाही. अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवले. एका जुन्या संचासाठी. तो त्यांना हवा होता, हे मला अनपेक्षित आहे. कलम ७ तसेच ठेवते.

एक साक्षीदार कमी पडला. समोरून कोणाला तरी बोलावू, असे मी म्हणाले. दादा पुढे येऊन वकीलबाईंना विचारू लागला.

“मी सही केली, तर गच्ची मला मिळणार नाही?”

त्या म्हणाल्या, नाही.

“आणि ते अट मोडली तर वगैरे, तेही नाही?”

त्या म्हणाल्या, ते तुमच्या बहिणीला नव्याने लिहावे लागेल.

“मग लिही,” तो मला म्हणाला. “सगळं दवाखान्याला दे. सही मी करतो.”

याची गरज नाही, अटीसह त्याचा हक्क कायद्याने पक्का आहे आणि खांबाचा कोपरा सोडून बाकी गच्ची त्याला वापरता येईल, हे मी त्याला समजावून सांगितले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी खांब पाडीन म्हणून तू माझ्यामागे डेंटिस्ट सोडलास. वाचलं ना त्यांनी आत्ता, सगळ्यांसमोर. तो गवंडी आणला ते चुकलंच. पण तू नसताना मी वर जाऊन तुझा खांब पाडीन, असं तुला वाटतं, हे मला कागदावर नको.”

मी कलम ८ चे पान पुढे ओढले. वकीलबाई थांबल्या होत्या.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, “मग हत्यारांची पेटी मी आत्ताच उचलते. आज दिलेल्याला मृत्युपत्र कशाला लागतंय?” वकीलबाई म्हणाल्या, लागत नाही. वहिनी पेटी, सोल्डरिंग आयर्न आणि दोन्ही मीटर घेऊन खाली गेल्या. कलम ३ त्यामुळे पूर्ण झाले आहे.

सबब, कलम ८ मधील दादाविषयीचा आणि मंडळाविषयीचा मजकूर मी रद्द करते. तो माझ्या हाताने खोडला असून समासात सही केली आहे. गच्ची आणि वरची खोली, खांबासह, विनाअट नदीपलीकडच्या दवाखान्याला द्यावी. शस्त्रक्रियेनंतर मी घरी आले, तर हा कागद फाडून नवा करीन, आणि त्यात गच्ची दादाला दिलेली असेल, तिच्यापुढे कोणतीही अट नसेल. हे दादाला मी तोंडी सांगितलेले नाही. सही करण्याआधी त्याने वाचावे.

सही : मृत्युपत्र करणारी
स्थळ : राहते घर, वरची खोली
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आधीचा बुधवार

साक्षीदार १ : (सही)
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. लाभ : काही नाही.

साक्षीदार २ : (सही)
मोठा भाऊ. वाचले. लाभ : काही नाही.