उघडी नोंद

प्रिय अंजू,

तू भांडत नाहीस, तेच मला टोचतं. मोठीचं लग्न आधी, हा आबांचा हट्ट. आणि मोठी मी, दोन वर्षांपासून मला मागणी घातलेल्या संघदीपला "सांगते, सांगते" म्हणत ताटकळत ठेवणारी. तिकडे कामरगावात प्रसेनजितनं तुझ्यासाठी थांबून त्याला आलेली दोन स्थळं परत पाठवली, हे मला आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

माझं इथं वाशिमला बरं चाललंय. दवाखान्याचा सर्व्हर माझ्याशिवाय हलत नाही, असं मीच म्हणते. कोणती नोंद किती वेळ उघडी आहे, तिच्यामागं कोण खोळंबलंय, ते मला स्क्रीनवर दिसतं. सोमवारी केसपेपरच्या चारही खिडक्या ठप्प झाल्या. पाहिलं तर एकच नोंद चाळीस मिनिटांपासून उघडी. खिडकी अर्थातच आमच्या जुन्या कारकुनाची, देवमनकाकांची. किन्हीराजाहून आलेली म्हातारी धनीबाई जीपमध्ये राहिलेलं आधार कार्ड आणायला गेली होती, आणि काका तिचा कागद अर्धा भरून निवांत चहा पीत होते. म्हणे, "बंद केलं त बुढीचा नंबर जाईन ना बाई." माणूस लाखाचा, पण पुढचे सगळे नंबर त्या एका नोंदीमागं अडकले होते आणि साठ माणसं उन्हात उभी होती.

काकांना चार शब्द सुनावून मी सरळ ती नोंद तोडली. असं केलं की अर्धवट भरलेलं तेवढं पुसलं जातं, आधीचं काही बिघडत नाही. मिनिटभरात खिडक्या सुरू झाल्या. धनीबाई आल्यावर काकांनी तिला सगळ्यांपुढं घेतलं. माझ्यावर मात्र दिवसभर रुसून होते.

दुपारी डबा उघडला आणि तसाच परत झाकला. संघदीपशी लग्न करायचं माझ्या मनात कधीच नव्हतं, अंजू. पोरगा चांगला, त्याला दुखवायला जीभ रेटली नाही, एवढंच. काकांना कोणत्या तोंडानं बोलले मी?

आज सकाळी त्याला फोन करून स्वच्छ नाही म्हटलं. म्हणाला, "हे पयलेच सांगाचं होतं." मग आबांशी अर्धा तास भांडले. रविवारी ते प्रसेनजितच्या घरी बोलणी करायला जाताहेत. त्यांच्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून आपल्या आसेगावच्या जीपवाल्या देवलाजवळ देते आहे. दोन वर्षं तुला उभं ठेवलं, त्याची माफी मला फोनवर मागता आली नसती.

तुझीच,
स्नेहाताई