नाई लागली, बाबा!

प्रिय बाबा,

'वय निघून गेलेल्या माझ्या भावा-बहिणींनो!' अशी या पत्राची सुरुवात केली होती. सवय! पेन हातात घेतला की मला समोर सभाच दिसते. मग ते खोडलं आणि तुमचं नाव घातलं. पण खोडलेलं खोटं नव्हतं. ज्यांना प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीला, प्रत्येक बाजारात 'लागला का?', 'लागली का?' हेच विचारलं गेलं, त्यांनीही हे पत्र खुशाल वाचावं. आमची सगळ्यांची तक्रार एकच आहे. आम्ही काय करतो, हे कोणी विचारलंच नाही!

आज माझा वाढदिवस. आजपासून मी सरकारी नोकरीसाठी म्हातारी झाले. आता जाहिरात निघो न निघो, मला अर्ज भरता येणार नाही. पेपर द्यायला नागपूरची गाडी पकडायची नाही, यादीत नाव शोधायचं नाही. सकाळी मोहाच्या झाडाखाली गेले तेव्हा वाटलं, आता रडू येणार. आलं हसू! डोक्यावरचा भारा उतरवून ठेवल्यावर मान कशी हलकी होते, तसं झालं. हे तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

तुमच्यावर एक राग आहे, तो आधी काढून टाकते. पोंभुर्ण्याच्या बाजारातून आलात की पिशवी खाली ठेवायच्या आधी तुमची बातमी सुरू व्हायची. "डोमाजीचा पोरगा लागला. सोमाची सून लागली. तुझं काय होऊन राह्यलं?" आणि माझी यादी लागून त्यात नाव नसलं की तुमचं ठरलेलं वाक्य, "बरं झालं! बस आता भाषणं देत." किती टोचायचं ते, बाबा! तुम्हाला कळत नव्हतं का?

आपल्या बोलीत काय काय लागतं! विहिरीला पाणी लागतं. चिंचेला चिंचा लागतात. पायाला ठेच लागते, वासराला लळा लागतो. मग माणूस तेवढा नोकरीलाच का लागतो? नोकरी वाईट, असं मी म्हणत नाही. जिला हवी तिने जिवापाड धावावं. मीही धावलेच की! वनरक्षकाच्या भरतीत धाप लागून मागे राहिले. जंगल राखायला सरकारने मला नापास केलं. पण जंगल राखायला मला कोणी बंदी घातली होती?

ती ग्रामसभा आठवते? मोहफुलं पडायचे दिवस तोंडावर आले होते. वेचताना फुलं काळ्या जमिनीवर नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचा, ही आपली जुनी रीत. तोच विस्तव पुढे जंगलात शिरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी? वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून माझ्या जिभेला धार आली होती. मी उभी राहिले आणि कडाडले, "पाचोळा झाडा, पण जाळू नका!" तेवढ्यात मागून गजानन ओरडला, "पयले तू तं लाग वो बाई, मंग जंगलाचं पाय!"

काय हसले सगळे! आणि तुम्ही धोतर झटकून उठलात आणि निघून गेलात. मला वाटलं, बापाची मान खाली घातली मी.

दुसऱ्या दिवशी पहाटे खर्र खर्र आवाजाने जाग आली. मागे जाऊन बघते तर तुम्ही आपल्या मोहाखाली! हातात खराटा, पाचोळ्याचा ढीग गुडघ्याएवढा.

"बाबा, काऊन एवढ्या सकाळी?"

"तुझ्या भाषणानं कंबर मोडली न माही! काडी ओढली असती तं आतापर्यंत चहा पिऊन झाला असता."

हे म्हणताना हसलाही नाहीत तुम्ही. शाबास म्हणायला काय झालं होतं? तुमची शाबासकी अशीच, खराट्याच्या आवाजातून ओळखायची.

त्या उन्हाळ्यात आपलं पाहून गजाननच्या बायकोने खराटा उचलला. मग चरफडत गजाननने. मग शेजारच्या गावांनी मला बोलावलं, पुढे अहेरीकडूनही बोलावणी येऊ लागली. मी जाईन तिथे बोलायचे, गळा सुकेपर्यंत. आणि मोहाच्या दिवसांत कुठे धूर दिसला की गावागावांतून फोन यायचे, "ताई, लागली का तिकडे?" आग लागली का, एवढंच. आपलं जंगल शाबूत असलं की मी अंगणात उभी राहून गावाला ऐकू जाईल अशी ओरडायचे, "नाई लागली!" एकदा ते ऐकून माय चुलीपुढे रडत बसली. तिला वाटलं, माझी यादी लागली आणि पुन्हा नाव नाही! "अवो माय, जंगल नाई लागलं!" असं सांगितलं तेव्हा पदराने डोळे पुसत म्हणाली, "मंग असं सांग ना, मेले!"

आता ते सांगते, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले.

तुम्ही गेलात ती दुपार मोहाच्याच दिवसांतली. तुमची खाट ओसरीत होती, तोंड जंगलाकडे. त्याच आठवड्यात भरतीची यादी लागली होती आणि नेहमीप्रमाणे त्यात मी नव्हते. सकाळपासून तुम्ही बोलला नव्हतात. अचानक मान उचललीत आणि विचारलंत, "लागली का?"

खोटं बोलावं असं मनात आलं. जाणाऱ्या माणसाला खोटं सांगून निरोप दिला तर काय बिघडतं? पण जमलं नाही. म्हटलं, "नाई लागली, बाबा."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात, आणि मान उशीवर टेकवलीत. त्यानंतर तुम्ही काही बोललाच नाहीत.

बरं झालं! तेच ठरलेलं वाक्य! जाता जाताही टोमणा? हजारोंच्या सभेत न डगमगणारी मी, त्या दोन शब्दांपुढे दरवेळी लहान होत गेले. तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीला अर्ज भरला. नोकरी मला हवी होती का, हे विसरूनच गेले होते. मला फक्त तुम्हाला दिलेलं उत्तर बदलायचं होतं.

परवा शेजारच्या गावच्या कौसल्याबाईचा फोन आला. आपल्या गावाच्या बाजूला धूर दिसतो म्हणाली. "ताई, लागली का तुमच्याकडे?" मी फोन कानाला लावून अंगणात आले आणि उत्तर द्यायच्या आधी मान उचलली, नाक वर केलं. दोनदा वास घेतला. मोहाचा गोड वास, बाकी काही नाही. "नाई लागली वो बाई," मी म्हटलं. धूर कोणाच्या तरी वीटभट्टीचा निघाला.

फोन ठेवला आणि मी तिथेच उभी राहिले. मान तशीच वर. बाबा, अशी मान मी कुठे पाहिली होती?

त्या दुपारी विचारण्याआधी तुम्हीही नाक वर केलं होतं! नाकपुड्या हलत होत्या तुमच्या. दोनदा वास घेतला होतात, जंगलाच्या बाजूने. मी शेजारी बसून ते पाहिलं होतं आणि इतकी वर्षं विसरले होते. सांगा बरं, नोकरीचा कोणी वास घेतो का?

तुम्ही आगीचं विचारत होतात! मी सांगितलं, नाही लागली. आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं. तो टोमणा नव्हता हो! बरंच झालं होतं की!

अंगणात खाली बसून हसले मी. माय बाहेर आली, म्हणाली, "काय झालं वो? लागली का कुठी?" मग तर हसू आवरेना.

माझं यश दाखवायचं कसं, हा प्रश्न आहेच. न लागलेल्या आगीचा फोटो निघत नाही. न जळालेल्या झाडापुढे कोणी सत्कार ठेवत नाही. पण गेल्या पावसाळ्यात आपल्या मोहाखाली मोहाचीच रोपं उगवली. आपण पाचोळा जाळायचो तेव्हा तिथे एक तरी रोप पाहिलं होतंत का तुम्ही? आता गुडघ्याला लागतात. पोट भरायला धान आहे, मोह आहे, शिलाई मशीन आहे. आणि बोलायला हा गळा आहे. मला हेच हवं होतं. म्हणायला इतकी वर्षं लागली, एवढंच.

तुमच्या निमित्ताने हे पत्र वाचणाऱ्यांना एक सांगते. येत्या बाजाराला कोणाचं पोर भेटलं तर 'लागला का?' विचारू नका. 'काय करून राह्यला?' असं विचारा, आणि त्याचं सांगून होईस्तोवर तिथून हलू नका.

आणि तुम्हाला वचन देते, बाबा. दर साली पहिलं मोहफूल पडलं की खराटा घेऊन मी पहाटे झाडाखाली येईन. आधी झाडून घेईन, मग नाक वर करून वास घेईन, आणि मग जे असेल ते खरं सांगेन, त्या दुपारी सांगितलं तसंच.

बाकी सगळ्यांनी तो प्रश्न सोडावा. तुम्ही मात्र सोडू नका. विचारा ना, बाबा! मोठ्याने विचारा!

तुमचीच,
न लागलेली सुनंदा