कुठेच न लागणारा फोन

मंगळवार, दि. १४

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तू जेवतेस, झोपतेस आणि कुणाशी बोलत नाहीस, असं तुझ्या आईकडून कळलं. माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं तर वाचून फाड.

इकडे कॉलेजात नर्सिंगची नवी तुकडी आली आहे. सरावखोलीतल्या रबरी पेशंटला या पोरी जावईबापू म्हणतात, कारण तो नुसता पडून असतो आणि सगळ्यांनी त्याची सरबराई करायची. काल एकीने अंगठ्याने त्याची नाडी पाहिली आणि स्वतःचीच मोजली. मी खूप हसले.

मग मी काचेमागच्या बटणाने त्या रबरी पेशंटचा श्वास कमी केला. ती मोठ्याने म्हणाली, "डॉक्टरांना कळवलं." टेबलावरच्या फोनला हातसुद्धा लावला नाही. लावून उपयोगही नव्हता, त्याची वायर कुठेच जात नाही. विद्यार्थिनीने नुसतं तोंडाने म्हणायचं आणि काचेमागून मी डॉक्टर होऊन उत्तर द्यायचं, ही माझीच पद्धत. वेळ वाचतो म्हणून सुरू केलेली.

तू वॉर्डात तेच केलंस. तुझ्या पेशंट आजोबांना धाप लागली तेव्हा त्यांना बसतं केलंस, ऑक्सिजन लावलास, "डॉक्टरांना कळवलं" म्हणालीस आणि उत्तराची वाट बघत उभी राहिलीस. आजोबा गेले. सगळे म्हणाले, पोरगी धडधडीत खोटं बोलली.

चौकशीत प्राचार्यांनी मला विचारलं, "फोन करायला शिकवलं होतं ना?"

मी म्हटलं, "शिकवलं होतं."

"तुमची भाची ना ही?"

"इथे मला सगळ्या सारख्याच."

बाई किती निःपक्षपाती, असं त्यांना वाटलं असेल. त्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. आलं होतं गं. तू समोर बसून माझ्याकडे बघत होतीस ना, तेव्हाच आलं होतं. मी घाबरले आणि तुला तोंडघशी पाडलं.

आज प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निकाल लागून गेलाय बाई, आता कशाला उकरून काढता?" मी लेखी दिलं आहे. कॉलेजच्या पटावरून काढलेलं तुझं नाव परत लागेलच असं नाही, आणि लागलं तरी तू येशील असं नाही. आजोबांच्या मुलीलाही उद्या भेटणार आहे. तिच्यापुढे तोंड कसं उघडायचं, ते अजून सुचलेलं नाही.

हे पत्र तुझ्या आईला दाखव. तिला मी सांगितलं होतं की पोरीचं कामात लक्ष नव्हतं, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तुझं पूर्ण लक्ष होतं. मी शिकवलं तसंच केलंस तू, एकही चूक न करता.

तुझी बाई.
मावशी म्हणायचं का, ते तू ठरव.