भूखंड क्रमांक सातवरील मोहाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
गृहबांधणी छाननी समिती,
नगरपालिका, कोसमटोला, जिल्हा चांदा.

विषय : भूखंड क्र. ७ वरील मोह न तोडता घर दहा हात सरकवून बांधू देण्याबाबत. (येथे मोह म्हणजे झाड.)

संदर्भ : याच विषयावरील माझे तीन अर्ज व आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे.

महोदय,

खाली सही करणार गुणवंतराव पत्रू लोनबले, धंदा शिंपीकाम, राहणार बाजार वॉर्ड, चौथ्यांदा विनंतीपूर्वक अर्ज करतो की,

१. नगरपालिकेने तळ्याच्या अंगाला बारा घरांची वसाहत मंजूर केली. सोडतीत सात नंबरचा भूखंड माझ्या वाट्यास आला, त्याबद्दल मी व माझे कुटुंब समितीचे ऋणी आहोत. भूखंडावर मोहाचे जुने झाड आहे. दोन माणसांच्या कवेत त्याचा बुंधा मावत नाही. मंजूर नकाशात माझे स्वयंपाकघर नेमके त्या बुंध्यात येते. घर पूर्वेकडे दहा हात सरकवले तर झाडही राहते आणि घरही होते. जागा माझ्याच हद्दीतली आहे, शेजाऱ्याची तक्रार नाही.

२. भूखंड पाहण्यास प्रथम गेलो तेव्हा पलीकडच्या गोंडटोल्यातील सुकरीबाई झाडाखालचा पाचोळा झाडत होत्या. चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात, ती वेचून वाळवून त्यांच्या घरी पावसाळा निघतो. त्यांच्या सासूही याच झाडाखाली वेचत. त्यांनी मला विचारले, "भाऊ, घर बांधून राह्यला का? मंग आमाले फुलं येचू देशीन का नाई?" मी म्हणालो, "येजो ना बाई. झाड कुठी जाते?" हा शब्द मी सहज दिला. झाड कुठे जाते हे मला त्यानंतर आपल्या कार्यालयाने शिकवले.

३. पहिल्या अर्जात मी लिहिले होते, "माझ्या भूखंडावरील मोह राखावा." आपला जिल्हा मुंबई राज्यात आल्यापासून कचेरीत देशावरचे कारकून आले आहेत. माणसे सज्जन आहेत, पण त्यांच्या मुलखात मोह बहुधा मनातच उगवत असावा. उत्तर आले : "अर्जदारास भूखंडाचा मोह सुटत नसल्याचे दिसते. एकाहून अधिक भूखंड मिळणार नाही. मोह आवरावा." हे उत्तर मी सुकरीबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "आवराले सांगते? अजून तर गळालेच लागला नाई."

४. म्हणून दुसऱ्या अर्जात जुन्या हिंदी अमदानीतला शब्द वापरला आणि 'महुआ' असे लिहिले. तो अर्ज परस्पर आबकारी खात्याकडे गेला. एक जमादार व दोन शिपाई भरदुपारी घरी आले. माझ्या दुकानातले अस्तराचे गठ्ठे उलटेपालटे केले, माठ हुंगला, लोणच्याची बरणी उघडली. माझी पत्नी सुगंधाबाई त्यांना म्हणाली, "हुंगा, हुंगा! आंब्याच्या फोडीतबी दारू निंगते का पाहा!" दारू निघाली नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक मात्र माप देताना माझा वास घेते.

५. तिसऱ्या अर्जात नुसते 'झाड' लिहिले, म्हणजे घोटाळाच नको. त्यावर समिती स्वतः पाहणीस आली. ऊन कडक होते, म्हणून सदस्य मोहाखालीच बसले, तिथेच चहा झाला. मी बोटाने झाड दाखवले. एका सदस्यांनी आपला कागद पाहून सांगितले की जपण्याच्या झाडांत आंबा, चिंच, कडुनिंब, वड आणि पिंपळ आहेत, मोह नाही. नंतर लेखी उत्तर आले : "पाहणी उत्तम सावलीत पार पडली. भूखंडावर जपण्याजोगे झाड आढळले नाही. पाडलेल्या झाडाऐवजी अर्जदाराने गुलमोहराचे रोप लावावे." महोदय, गुलमोहर शोभिवंत आहे यात वाद नाही. पण नावात मोह आला म्हणून त्याची फुले शिजवून खाता येत नाहीत.

६. आता नोटीस आली आहे की येत्या बुधवारी ठेकेदाराची माणसे झाड पाडतील. मी हरकत घेतल्यास भूखंड रद्द होऊन दुसऱ्यास मिळेल. भाड्याच्या एका खोलीत मी मशीन चालवतो आणि त्याच खोलीत आम्ही पाच जण झोपतो. मला घर हवे आहे, फार हवे आहे. आणि भूखंड रागाने परतही करता येत नाही, कारण जो नवा येईल तो पहिल्याच दिवशी कुऱ्हाड आणील.

७. मी शिंपी आहे. गिऱ्हाइकाला कुबड असले तर सदरा कुबडाप्रमाणे बेततो, कुबड कापत नाही. नकाशा कागदावर आहे, तो सरकवता येतो. हे समजावून सांगताना मला आता संताप येऊ लागला आहे, तरी अर्जाची भाषा नम्र ठेवली आहे, याची नोंद व्हावी.

८. चैत्र लागला. काल पहाटे पहिली फुले गळाली. सुकरीबाई टोपली घेऊन आल्या तेव्हा मी तिथेच उभा होतो. बुधवारचे त्यांना अजून सांगितलेले नाही. माझ्याच्याने ते सांगवत नाही. तरी बुधवारपूर्वी हुकूम द्यावा आणि माझा शब्द खोटा पडू देऊ नये.

आपला नम्र, परंतु मोह न सुटलेला,
गुणवंतराव पत्रू लोनबले
कोसमटोला, ता. २२ मार्च १९५८

सोबत :
(अ) आपल्या तिन्ही उत्तरांच्या नकला.
(आ) गेल्या साली वाळवलेल्या मोहफुलांची एक पुडी. ही दारू नव्हे, आबकारीकडे पाठवू नये. समितीच्या प्रत्येक सदस्याने एकेक फूल चावून पाहावे. झाड वाचणार नसेल तर उरलेली पुडी कृपया परत करावी, ती सुकरीबाईंची आहे.