टप नसलेली गाडी आणि आईची थंडी

नारायण पेठ, पुणे
नागपंचमी

चि. जयसिंग यास प्रेमलाअक्काचे पोटभर आशीर्वाद. सौ. हेलनलाही तितकेच (आशीर्वाद म्हणजे काय हे तू तिला नीट सांगतोस, की "अक्का हॅलो म्हणतेय" म्हणून उरकतोस, देव जाणे).

आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, आणि कॅनडात बर्फ पडायला अजून अवकाश आहे, तेव्हा तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालते. ह्यांचा खोकला गेला, पण त्यासाठी घेतलेला मफलर गळ्यातून जायला तयार नाही. धनकवडीला आईचे गुडघे पावसाळी हवेत कुरकुरतात. ती म्हणते, गुडघ्यांना काम द्यावं म्हणजे तक्रार करायला त्यांना वेळ राहत नाही. परवा तिने सबंध अंगण एकटीने सारवलं.

आता तुझ्या पत्राकडे येते. ते आल्यापासून मला धड झोप नाही, आणि कारण चक्क आनंद. चाळिशी उलटलेल्या शाळामास्तरणीला भावाने विचारावं, "अक्का, मला एक उघड्या टपाची गाडी आवडली आहे, घेऊ का नको ते तू सांग", असं काही माझ्या आयुष्यात यापूर्वी घडलं नव्हतं. मला लोक विचारतात ते आमटीला चिंच घालू की आमसूल. सोबतचा फोटो मी दिवसातून चारदा बघते. लालभडक गाडी, वर काही नाही, आणि तू आत बसून असा हसतोयस जसा दादांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फ्लॉवरच्या पोत्यांवर आडवा पडून हसायचास. तू लिहिलंयस ना, की मार्केट यार्डाला जाताना ट्रॉलीतून दिसणारं ते आभाळ तुला पुन्हा डोक्यावर हवंय, आणि आई कधी आलीच तर तिला तिथलं आभाळ दाखवायचंय. हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आभाळ फुकट असतं. त्याच्यासाठी गाडी कशाला?" (खोकला गेला की माणसाचा स्वभाव परत येतो.)

फोटो घेऊन मी धनकवडीला गेले. आईने तो दाराच्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि तिचा चेहरा पडला. "कुठं धडकली गं?" मी म्हटलं, आई, धडकलेली नाही, ती तशीच असते. "तशीच कशी आसंल? टप उडालाय की समदा. म्हणूनच स्वस्तात देत्यात." तेवढ्यात सर्जेरावकाका आले. काकांना तू ओळखतोसच. मार्केट यार्डातला बटाट्याचा गाळा सोडला तर जगातल्या कुठल्याच गोष्टीत त्यांचं लक्ष नसतं, आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीत असतं. त्यांनी फोटो बघितला आणि पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला, "तिकडं थंडी किती हाय?" मी तुझ्या पत्रातला आकडा सांगितला. शून्याच्या खाली तीस. काकांनी फोटो पुन्हा उलटा करून बघितला. मग म्हणाले, "खाली म्हंजे? शून्याच्या खाली काय आसतंय?"

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. म्हैस घ्यायची तर पाच माणसं जाऊन तिचं दूध काढून बघतात. बैल घ्यायचा तर तो आपल्याच काळ्या रानात औताला जुंपून बघतात, विकणाऱ्याच्या मुरमाड रानात नाही. काकांनी निकाल दिला की गाडीलाही हाच न्याय. ज्या हवेत चालवायची त्या हवेत बसून बघितल्याशिवाय पोराला "घे" म्हणता येत नाही. आता ती हवा पुण्यात आणायची कुठून? आमच्याकडे डिसेंबरात जरा गार वारा सुटला की अख्खी पेठ कानटोप्या घालून एकमेकांना "यंदा फारच" म्हणत फिरते, पण सध्या श्रावण. काकांचे डोळे चमकले. "शमशुद्दीनचं कोल्ड स्टोरेज!"

शमशुद्दीनभाई म्हणजे काकांच्या शेजारच्या गाळ्याचे सफरचंदवाले. तू लहान असताना दादांच्या नकळत तुझ्या खिशात एक सफरचंद टाकून "बाप को मत बताना" म्हणायचे, तेच. नवा माल यायच्या आधी त्यांच्या कोल्ड स्टोरेजची एक मोठी खोली रिकामी असते आणि ती आधीपासून थंड करत ठेवतात. आपली उघडी जीप त्या खोलीत फिरवून बघायची ही काकांची मागणी ऐकून ते आधी हसले, मग काका हसत नाहीत हे बघून गंभीर झाले, आणि मग "जयसिंगके लिए है ना? मग आणा" म्हणाले. फक्त एक अट. जीप आत चालू करायची नाही. "धूर झाला तर नंतर येणारी माझी सफरचंदं रुसतील. गाडी ढकला." हमाल तयार झाले. (ते का तयार झाले हे मला नंतर कळलं. बाहेर उकडत होतं.)

तर रविवारी सकाळी आम्ही सगळे मार्केट यार्डात. काकांची जुनी जीप, तिचं ताडपत्रीचं हूड मागे गुंडाळलेलं. म्हणजे तुझ्या लाल गाडीची सावत्र आजीच म्हण. काकांनी दोन स्वेटर, वर कोट, वर घोंगडी. मी ह्यांचा मफलर (अखेर सुटला) आणि हातमोजे म्हणून पायमोजे. हे शास्त्रीय मोजमापासाठी थर्मामीटर घेऊन आले होते. खोलीत शिरल्यावर त्यांनी ते मोठ्या ऐटीने वर धरलं. ते तोंडात धरून ताप बघायचं थर्मामीटर होतं, जयसिंग. त्याचा पारा तळाशी बसला तो हललाच नाही. "हवेला ताप नाही," एवढं सांगून त्यांनी ते खिशात ठेवलं.

आई बाहेर खुर्चीवर बसून नुसतं बघणार असं ठरलं होतं, कारण तिला थंडी सोसत नाही. गेली आठ वर्षं तू "ये" म्हणतोस आणि ती प्रत्येक वेळी हेच सांगते, उन्हाळ्यात तिकडे छान ऊन असतं असं तू फोनवर ओरडून सांगितलंस तरीही. पण दार उघडलं आणि आम्ही वळून बघतो तर बाई जीपच्या पुढच्या सीटवर. अंगावर नेहमीचं नऊवारी लुगडं, खांद्यावर पदर, बस्स. काका म्हणाले, "वहिनी, उतरा, गारठून जाल." ती म्हणाली, "पोराची गाडी हाय. मला बघू द्या." मग मी आणि काका मागे बसलो, चार हमालांनी रेटा दिला, आणि आमची जीप सफरचंदांच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊ-येऊ लागली. वरून मोठे पंखे गार वारा सोडत होते. काका दर फेरीला गंभीरपणे अहवाल देत होते. "कान गेले." मग "नाक गेलं." मग काहीच नाही, बहुतेक तोंड गेलं असावं.

मला काय वाटत होतं सांगू? मी पायमोजे घातलेल्या हातांनी सीट धरून बसले होते, दात वाजत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं. शाळेत पोरी माझ्या पायांच्या आवाजाने गप्प होतात, आणि मी इथे रविवारी सकाळी न चालणाऱ्या जीपमधून कॅनडाला निघाले होते.

खरी परीक्षा पुढे होती. काकांचं म्हणणं, वाटेत बर्फ पडायला लागला तर हूड किती झटक्यात लागतं ते बघायला हवं. त्यासाठी त्यांनी रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून तिचा भुगा करून ठेवला होता. काकांनी "टाक!" म्हटलं आणि हमालांनी इतक्या मनापासून टाकला की एकाच्या चेहऱ्यावर मला वर्षानुवर्षांची हमाली फिटल्याचं समाधान दिसलं. काका हूड ओढायला उठले. पट्टा तुटला. ताडपत्री काकांच्या डोक्यावर आली आणि काका आत, हूडचा लोखंडी सांगाडा बाहेर. आतून त्यांचा आवाज येत होता, "जयसिंगला कळवा, हे जमायचं न्हाई!" शमशुद्दीनभाई दारातून ओरडत होते, "सर्जेराव, हात वर करो, हात!" हे घड्याळ बघत म्हणाले, "एवढ्यात तिकडचा हिवाळा संपला असता."

आणि आई? ती पुढे बसून वर बघत होती. केसांत बर्फाचा भुगा, नाक लाल. मी तिच्या कानाशी वाकून काही विचारलं, तिने काही सांगितलं, आणि मग फेऱ्या संपल्या तरी ती उतरायला तयार होईना. शेवटी शमशुद्दीनभाईंनी चहा आणवला तेव्हा उतरली.

चहावर निकाल झाला तो असा. काका: घेऊ नये. टप ही माणसाच्या डोक्यावरच्या पागोट्यासारखी गोष्ट आहे, असेल तर मान आहे. शमशुद्दीनभाई: घ्यावी, पण ताडपत्रीवाल्या टपाची नाही, पत्र्याच्या टपाची, जो बटण दाबलं की आपला आपण बसतो, तशी मिळते का ते विचार. हे: ज्या गावात आठ महिने हीटर लागतो तिथे टप उघडणं म्हणजे चुलीवर बसून पंखा लावणं. आई: "थंडी लय वंगाळ. मला काय तिकडं यायचं न्हाई, त्यानं त्याचं बघावं." मी: मोठ्यांचं ऐकावं. तेव्हा, बाबा, बहुमताने नको असंच ठरलं आहे. बंद टपाची, पांढरी, शहाणी गाडी घे.

सध्या इतकंच. हेलनला तिळाची चटणी पाठवते आहे. ती पाण्यात कालवायची नसते हे या वेळी तरी सांग.

तुझी,
प्रेमलाअक्का

ता. क. १: नेहमीप्रमाणे हे पत्र चिकटवण्याआधी आईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, काका ताडपत्रीत अडकले ते जरा जास्त लिहिलंय. बाकी मंजूर. "थंडी लय वंगाळ" हे मात्र तिने दोनदा वाचून घेतलं आणि मान हलवली.

ता. क. २: हे मी पोस्टात उभी राहून, दोरीला बांधलेल्या पेनाने लिहिते आहे, कारण आईला वाचून दाखवायच्या पत्रात हे लिहिता येत नाही. वर जे "नको" लिहिलं ते सगळं विसर. जीपमध्ये मी तिला विचारलं होतं, "आई, फार गार वाटतंय का?" ती वर बघत हळूच म्हणाली, "गार हाय. पर पोटात ढवळत न्हाई बघ." मला आधी कळेना. मग एकदम कळलं. तिला गाडी लागते, जयसिंग. बंद गाडी. आमच्या फियाटमध्ये ती कधी बसत नाही, मला वाटायचं जावयाच्या गाडीचा संकोच. दादांच्या ट्रॉलीत पोत्यांवर बसायची, मला वाटायचं काटकसर. लग्न करून तू हेलनला घेऊन आलास, लोहगावच्या विमानतळावरून येताना काचा बंद, एसी चालू, तू पुढे, त्या दोघी मागे. पुढचं तुला आठवत असेल. आपण "उपासाने पित्त झालं" म्हणून विसरून गेलो. ती विसरली नाही. जीपमध्ये म्हणाली, "सुनेची वटी नारळानं भरत्यात गं. म्या कशानं भरली! आन् तिनं आपल्या रुमालानं माझं तोंड पुसलं." थंडीबिंडी काही नाही. तुझ्या विमानतळापासून तुझ्या घरापर्यंतच्या त्या रस्त्याला ती आठ वर्षं घाबरते आहे. मी म्हटलं, अगं, विमानही बंदच असतं की. तर म्हणाली, "तिथं आपलं मानूस कोन बघतंय? परक्यात वकलं तर वकलं. पिशवी देत्यात म्हनं."

तेव्हा घे ती गाडी. आज घे. हिवाळ्यात झाकून ठेव आणि उन्हाळा लागला की टप काढून विमानतळावर उभा राहा. पण तिच्यासाठी घेतलीस असं चुकूनही लिहू नकोस. ती लाजेने कायमची घरीच बसेल. लिही, "अक्काने नको म्हटलं तरी मी हट्टाने घेतली." मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवीन. ती म्हणेल, "बघ, ऐकलं का त्यानं तुझं?" आणि पेटी काढायला लावेल. मीही येणार आहे. पुढची सीट तिची. मी हेलनजवळ मागे बसेन.

ता. क. ३: पुढच्या सीटचं कापड मात्र गडद रंगाचं बघ. आभाळ कितीही उघडं असलं तरी.