उणे चार आणि अकरा-दहाचा मिस्ड कॉल

अमरावती,
१९ एप्रिल

आदरणीय रुबीना आपा यांस धाकट्या फुरकानचा सलाम, आणि दुल्हाभाईंना आदाब.

तुमची दोघांची तब्येत ठीक असेल, पेपरांचा गठ्ठा अजून छताला टेकला नसेल आणि अकोल्याच्या उन्हाने तुम्हाला पुरतं भाजलं नसेल, अशी उमेद करतो. माझी तब्येत विचारशील तर खाणंपिणं व्यवस्थित आहे. फक्त सकाळचे अकरा वाजले की मला थंडी वाजते. अमरावतीत आज त्रेचाळीस डिग्री आहे, यावरून काय ते समजून घे.

फोन असताना या पोराने शाळेच्या पत्त्यावर पत्र का पाठवलं, म्हणून तू दचकली असशील. तुझ्या घरी फोन केला की अम्मी तो हातातून घेते, स्पीकरवर टाकते आणि मग सगळं घर माझं जेवण झालं का ते ऐकतं. आता जे लिहिणार आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. (मराठीत लिहितोय, कारण उर्दूत लिहिलं तर ते अम्मी वाचेल. चुका सापडतील तिथे लाल पेन चालव, पण आधी शेवटपर्यंत वाच.) हे पत्र घरी नेऊ नकोस.

गोष्ट केशवकाकांच्या शेतातली आहे. मागच्या ऑगस्टमध्ये अम्मीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्याच दिवशी तिकडे अचलपुरात त्यांच्या घरच्या पार्बतामावशी वारल्या. डॉक्टर म्हणाले, पेशंटला धक्का नको. आपण दोघांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं की अम्मीला सध्या सांगायचं नाही, आणि पुढे योग्य वेळ पाहून तू सांगायचं. तू वेळ पाहत राहिलीस. आधी टाके ओले होते, मग हवा बदलली, मग रमजान आला. मी तुला बोल लावत नाही. (थोडा लावतो.) तीस वर्षं मावशींच्या मळ्यातल्या फुलांचे लग्नाचे सेहरे अम्मीने गुंफले. अम्मी तुझ्याकडे अकोल्याला राहायला आल्यावर दोघींनी रोजचा नेम धरला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अम्मीने एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे मी ठीक आहे, जेवायला बसते. मावशींनी लगेच एक परत द्यायचा, म्हणजे मीही. उचलायचा कोणीच नाही, कारण उचलला की तव्यावरची पोळी करपते. अचलपुरात फुलांची टोपली एसटीने याच वेळेला यायची, म्हणून अकरा-दहा.

दिवाळीनंतर तू मला काय सांगितलं होतंस ते आठव. अम्मी म्हणते पार्बताचा मिस्ड कॉल रोज येतो, फक्त हल्ली दहा मिनिटं उशिरा येतो, वय झालं बिचारीचं. तू फोनवर हळू आवाजात रडलीस आणि अम्मीला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंस. मी इकडून हो हो म्हणालो. आपण दोघं एवढी शिकलेली माणसं, पण तिच्या उशाखालचा फोन उघडून पाहावा हे एकालाही सुचलं नाही.

आता माझा उद्योग. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारी मशीन मी बनवतो, हे तू स्टाफरूममध्ये 'भाऊ कॉम्प्युटरमध्ये आहे' असं सांगतेस. त्या मशीनमधला प्रोग्राम स्वतःच्या हाताने काहीच करू शकत नाही. पेटीवरची कोणती कळ दाबली ते वाचायचं असो की व्हॉल्व्ह उघडायचा असो, त्याला आतल्या मालकाकडे, म्हणजे कर्नेलकडे अर्ज टाकावा लागतो. त्या अर्जाला सिस्टीम कॉल म्हणतात. तहसीलबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसतो ना, तसा या दोघांच्या मध्ये सी भाषेतल्या लायब्ररीचा एक थर बसलेला असतो. अर्ज तो लिहितो, आत देतो आणि आतून आलेलं उत्तर प्रोग्रामला समजावून सांगतो. आतलं उत्तर म्हणजे नुसता आकडा. काम झालं तर शून्य किंवा वरचा आकडा, नाही झालं तर उणे आकडा, आणि कितीचा उणे त्यावरून नकाराचं कारण कळतं. लायब्ररीने ते कारण बाजूला लिहून ठेवायचं आणि प्रोग्रामला फक्त 'नाही झालं' एवढंच सांगायचं, असा जगभरचा रिवाज आहे. जगाने लिहिलेली लायब्ररी मला फुगलेली वाटली, म्हणून मी आठ दिवसांत आपली स्वतःची लिहिली. मित्रांना बिर्याणीही खाऊ घातली.

मार्चच्या शेवटी केशवकाकांचा निरोप आला. त्यांच्या मळ्यात चार व्हॉल्व्ह आहेत. झेंडू, शेवंती, गुलाब आणि चौथा विहिरीजवळच्या कोपऱ्यातल्या मोगऱ्याच्या ओळीचा. तो मोगरा पार्बतामावशींचा स्वतःचा, बाजारात कधी गेला नाही. मावशी गेल्यावर काकांनी चौथा व्हॉल्व्ह माझ्याकडूनच वेळापत्रकातून काढून घेतला होता. मोगरा वाळून काड्या झाला. आणि दिवाळीनंतर त्या काड्यांखालची माती ओली दिसायला लागली. "चौथ्या पाइपात पानी येऊन राहिलं, फुरकान," काका म्हणाले, "अन् रोज एकाच टायमाले." त्यांचा मुलगा मनोज म्हणतो मशीन भंगारात द्या. काका नाही म्हणतात. दुरुस्त कर, असंही ते म्हणाले नाहीत. फक्त येऊन पाहून जा म्हणाले.

मी एसटीने गेलो. (खिडकीची काच बंद होत नव्हती, मग धूळ खाल्ली, मग उघडत नव्हती. हे सविस्तर पुन्हा कधी.) साडेदहाला लॅपटॉप जोडून विहिरीच्या काठावर बसलो. डोक्यावर ऊन, समोर झेंडू, लांब कुठेतरी ट्रॅक्टर. भीती वाटावी असं त्या जागेत काहीही नव्हतं. अकरा वाजता ट्रॅक्टर थांबला. अकरा-पाचला काका खुरपं ठेवून आले आणि त्यांनी हातपाय धुतले. मला वाटलं जेवायला बसतात. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, नीट केली, परत घातली आणि मोगऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी कळांच्या पेटीकडे पाहत होतो. तिला कोणीही हात लावलेला नव्हता. अकरा-दहाला टक् असा आवाज झाला, कोरड्या पाइपातली हवा फुसफुसत बाहेर आली आणि मग पाणी.

"आली," काका म्हणाले.

आपा, मी इंजिनिअर आहे. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले हे मी तुला सांगितलं, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. दहा मिनिटं पाणी चाललं. काका मोगऱ्याशी काहीतरी बोलत होते, आज झेंडू कोणत्या गाडीने गेला वगैरे. पाणी थांबलं तशी त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि भाकरीचं फडकं सोडलं.

मी लॅपटॉपवर पाहिलं. अकरा-दहाला प्रोग्राम नेहमीसारखा 'कोणती कळ दाबली?' हा अर्ज टाकून बसला होता आणि आतून उत्तर आलं होतं, उणे चार. कर्नेलच्या भाषेत उणे चारचा अर्थ इतकाच की, तुझं काम चालू असताना मध्येच कोणीतरी हाक मारली, पुन्हा विचार. पण आपल्या फुगीर नसलेल्या लायब्ररीत, नेमक्या त्याच अर्जाला, उणे आकडा अडवायचं मी विसरलो होतो. तो जसाच्या तसा प्रोग्रामच्या हातात पडला. आणि माझ्या प्रोग्राममध्ये कळेच्या आकड्याआधी उणे लावलं तर अर्थ होतो, हा व्हॉल्व्ह दहा मिनिटं उघड, बंद कर, आणि ज्या नंबरवरून शेवटचा फोन आला त्याला एक मिस्ड कॉल देऊन कळव. म्हणून चौथा व्हॉल्व्ह. बाकीच्या अकरा मशीनना तीनच व्हॉल्व्ह आहेत, तिथे हा हुकूम हवेत विरून जायचा, म्हणून वर्षभर चूक दिसलीच नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी काकांच्या भाकरीतली अर्धी खाल्ली.

मग प्रश्न उरला, हाक मारतं कोण? मशीनमधल्या सिमवर फोन वाजला की प्रोग्रामला हाक जाते. पण काका मशीनला कधी फोन करत नाहीत. ("मशीनले काय फोन करा? ते काय माह्यं सोयरं हाय?") मी मनोजला विचारलं, सिम कोणतं टाकलं आहे? तो म्हणाला, पहिलं बंद पडलं, आईचं नुसतंच पडून होतं, दिवाळीनंतर तेच टाकून दिलं. मी फोनची नोंद उघडली. रोज अकरा-दहा, एकच नंबर. तो नंबर मला तोंडपाठ आहे, आपा. तुलाही आहे.

म्हणजे अम्मी रोज तुझ्या स्वयंपाकघरातून पार्बतामावशींना हाक मारते, अचलपुरात मोगऱ्याला दहा मिनिटं पाणी मिळतं, आणि मग मावशींच्या नंबरवरून अम्मीला उत्तर जातं. तिचं डोकं आपल्या दोघांपेक्षा ठिकाणावर आहे.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण मी नोंदी तारखेने ताडून पाहिल्या. (हा माझा स्वभाव, तू लहानपणी माझ्या गोट्या उचलायचीस तेव्हापासूनचा.) ११ फेब्रुवारी. त्या दिवशी तू अम्मीला तपासणीला नेलं होतंस आणि तिचा फोन सकाळपासून बंद करून तुझ्या पर्समध्ये होता, त्यावरून ती परतताना रिक्षाभर भांडली, हे तूच सांगितलंस. मशीनच्या नोंदीत त्या दिवशी कोणाचाही फोन आलेला नाही. अकरा-दहाला उणे चार मात्र आहे. पाणी सुटल्याची नोंद आहे, अकरा-वीसला अम्मीला मिस्ड कॉल गेल्याचीही. संध्याकाळी फोन सुरू करून मिस्ड कॉलचा मेसेज पाहिल्यावर अम्मी तुला म्हणाली होती की माझा राहिला पण पार्बता विसरली नाही. तू ते भ्रमात धरलंस. टॉवरचा दोष असेल, विजेचा झटका बसला असेल, वाऱ्याने वायर हलली असेल. ही तिन्ही कारणं मी स्वतःला समजावून सांगितली आहेत आणि प्रत्येक वेळी मी मान डोलावली आहे.

निघताना मी काकांना सगळं सांगितलं. सिमचं, अम्मीच्या फोनचं, उणे चारचं. ११ फेब्रुवारीचं तेवढं नाही. ते म्हणाले, "म्हंजे नसीमबाई आवाज देते, अन् हे पानी सोडते. मंग बिघडलं कुठी, बाप्पा?" मोगऱ्याला पालवी आली आहे, हेही लिहून टाकतो.

पण चूक ती चूक. दुरुस्त लायब्ररी मी अकरा मशीनवर चढवली आहे, पुढच्या आठवड्यात बाराव्यावर, म्हणजे काकांच्या मशीनवर चढवीन. ती चढली की अम्मीला उत्तर जाणं बंद होईल. एखाद्या सकाळी ती फोन हातात धरून बसेल आणि काही येणार नाही, आणि तेव्हा तिला कसं कळेल याचा विचार करून मला झोप येत नाही. तेव्हा आपा, त्याआधी तू तिला सांग. जवळ बस, हात धर आणि सांग. मला जमणार नाही, मी भित्रा आहे, आणि हे तुला माहीत असल्यानेच आपलं जमतं.

दुल्हाभाईंना उन्हात फिरू देऊ नकोस.

तुझा गुन्हेगार भाऊ,
फुरकान

ता. क. मनाच्या डॉक्टरची वेळ घेतली असशील तर रद्द कर. नाहीतर माझ्या नावाने कायम ठेव.

ता. क. २. पाकीट चिकटवायला घेतलं आणि अम्मीचा फोन आला. तू शाळेत होतीस. स्पीकर नव्हता. (ती उर्दूत बोलली, मी तुझ्यासाठी मराठीत लिहितो.) म्हणाली, केशवभाऊंकडे गेला होतास म्हणे? मी हो म्हणालो. म्हणाली, पार्बता गेली हे मला दवाखान्यातच कळलं, शेजारच्या खाटेवर अचलपूरची बाई होती. तुम्ही दोघं माझ्यासमोर इतकं सांभाळून खोटं बोलत होता की तुमचं मन मोडवेना. मी विचारलं, मग फोन का करायचीस? म्हणाली, सवय. दोन महिने फोनमधली बाई सांगायची की फोन बंद आहे, तरी लावायची. मग एक दिवस वाजला, आणि परत आला. ती म्हणाली, कोण देतं ते तुला कळलं असेल. केशवभाऊ देत असतील तर त्यांना माझा सलाम सांग. मनोज देत असेल तर त्याला दुआ सांग. आणि कोणीच देत नसेल, तर मला काही सांगू नकोस. एवढं बोलून, जेवलास का ते विचारून, तिने फोन ठेवला.

ता. क. ३. पाकीट चार दिवस टेबलावर पडून आहे. वर तुला जे सांगायला सांगितलं ते खोडलं असं समज. बाराव्या मशीनवर जुनीच लायब्ररी राहील. अम्मीला मी अजून उत्तर दिलेलं नाही आणि तिने पुन्हा विचारलेलं नाही. माझी एवढीच विनंती की तूही काही सांगू नकोस. या वेळी आपण तिच्याशी खोटं बोलत नाही आहोत.